संध्याकाळचे तास

पुण्यात १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी राहत्या घरात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, तेव्हा मुंबईतली पहिली कापडगिरणी अजून चालू व्हायची होती. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीतून सूत निघू लागले ते पुढच्या वर्षी. रात्रशाळा ही गिरण्यांमुळे आलेली सोय, असा एक सर्वसाधारण समज आहे. तारखा पाहिल्या तर ती गिरणीच्या भोंग्याहून जुनी निघते.

गिरण्या आल्या आणि प्रश्न वेगळाच झाला. शेतमजुराचा दिवस पावसापाण्यावर लांबे आणि आखूड होई. गिरणीतल्या माणसाचा दिवस मालकाच्या घड्याळावर. सुरुवातीच्या काळात काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. प्रार्थना समाजाने १८७६ च्या सुमारास मुंबईत कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढल्या, पण त्यांत येणारा माणूस दिवसभर साच्यावर उभा राहून आलेला असे. आठवड्याची हक्काची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. शिकू पाहणाऱ्या कामगाराला पहिला मोकळा दिवस मिळाला तो असा, भांडून.

मग वीज आली. दिवा आला की अभ्यासाची सोय होणार असे कुणालाही वाटेल. मुंबईत १९०५ च्या आसपास झाले ते उलट. गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि अंधार पडल्यावर काम थांबवण्याचे कारणच उरले नाही. चौदा-पंधरा तासांचे दिवस सुरू झाले. चाळीत रॉकेलची चिमणी आणि गिरणीत लख्ख उजेड, अशी ती वाटणी होती.

१९११ हे साल इथे दोनदा येते. त्या वर्षीच्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, आणि त्याच वर्षी नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगने रात्रीचे वर्ग, वाचनालये, व्याख्याने हे सगळे गिरणगावात नेले. परळचे दामोदर नाट्यगृह त्याच कामातून उभे राहिले. हेच जोशी १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांत होते. शाळा काढणारा माणूस कामगार संघटनेकडे वळला, यात नवल काही नाही. बारा तास राबून आलेला विद्यार्थी फळ्यासमोर पेंगतो, आणि त्यावर उपाय शिक्षकाच्या हातात नसतो. १९२० च्याच सुरुवातीला झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांनी दहा तासांचा दिवस स्वीकारला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तास, १९३४ च्या कायद्याने चौपन्न, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अठ्ठेचाळीस. प्रौढ शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा संस्थांच्या आणि दानशूरांच्या याद्या देतात. खरे तर आधी हे आकडे द्यायला हवेत.

अठ्ठेचाळीस तास झाल्यावरही गणित सरळ नव्हते. पहिली पाळी सकाळी सातला लागे आणि साडेतीनला सुटे; दुसरी मध्यरात्रीपर्यंत; तिसरी तिथून सकाळपर्यंत. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी शाळेत जाऊन बसू शकत होता. पाळी बदलली की शाळा बुडाली. बदली कामगाराला तर उद्या काम आहे की नाही हेच सकाळी गेटवर कळे.

आणि पहिल्या पाळीच्या त्या माणसाची संध्याकाळ तरी मोकळी कशी झाली? कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांचे बायको-मुलांचे बिऱ्हाड बहुधा गावीच असे. इथे तो गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही आणि जेवायला खानावळीत जाई. ती खानावळ चालवणारी बाई पहाटे उठून कालवण-भाकरीला लागे, सावकाराकडून व्याजाने पैसे काढून किराणा भरी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तोवर त्यांच्या कष्टाची नोंद कोणी ठेवली नव्हती. रात्रशाळेच्या हजेरीपटावर पुरुषाचे नाव असे. त्याच्या मोकळ्या तासांमागे एक खानावळवाली आणि गावाकडे शेत सांभाळणारी बायको असे.

बाईने स्वतः शिकायचे म्हटले की काय होई, ते रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. न्यायमूर्ती रानडे त्यांना रात्री शिकवत. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याचे उट्टे काढत. इंग्रजी शिकणाऱ्या सुनेला टोमणे, अबोला, सगळे वाट्याला आले. नवरा न्यायाधीश असला तरी माजघरात त्याचा कायदा चालत नसे! पुढे पुण्यात १९०९ साली रमाबाईंनी सेवासदन सुरू केले, तेव्हा संसारी बायकांचे वर्ग दुपारी ठेवले. सकाळचा स्वयंपाक आणि संध्याकाळची दिवाबत्ती यांमधली तेवढीच फट घरातून निघू शकत होती. पुरुषांसाठी रात्र, बायकांसाठी दुपार: वेळापत्रक ठरवणाऱ्याला घरे आतून ठाऊक होती हे त्यावरून समजते.

तिसरी वेळ सकाळची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. वडील रामजी मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. मुलगा उठला की त्या जागेवर स्वतः आडवे होत. अशा खोलीतून परदेशी विद्यापीठांपर्यंत गेलेल्या आणि १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी पैसे साठवलेल्या माणसाने कॉलेज काढले, तर ते कसे असेल? पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती त्याला मिळाल्या. तास संपला की कारकून चालत दहा मिनिटांत आपल्या टेबलाशी. जागेची ही निवड मला अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण लोकलच्या प्रवासात गेलेला तास कोणताही प्राध्यापक परत देऊ शकत नाही.

ज्यांना सकाळ-दुपार-रात्र यांतले काहीच जमले नाही, ते ‘बाहेरून’ बसले. शाळा सुटलेल्याने सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि दहावीची परीक्षा खासगीरीत्या द्यायची, ही वाट महाराष्ट्रात घरोघरी कोणी ना कोणी चोखाळलेली आहे. कवी नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरात वाढले, पडेल ते काम करत शाळेतले शिपाई झाले. सातवीची परीक्षा त्यांनी १९५७ साली, तिशी ओलांडल्यावर दिली, आणि नंतर शिक्षक म्हणून वर्गात उभे राहिले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आले आणि ‘बाहेरून’ शिकणाऱ्यांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

गिरणगावातल्या रात्रशाळांना खरा धक्का बसला तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेक जण परतलेच नाहीत. बाके रिकामी मात्र राहिली नाहीत. हॉटेलातले पोरगे, दुकानातले मदतनीस, घरकाम करणाऱ्या मुली, सुरक्षारक्षक येऊ लागले. त्यांना शिकवणारे बरेचसे मास्तर सकाळी दुसऱ्या शाळेत नोकरी करून येत, म्हणजे वर्गात दोन्ही बाजूंना थकलेलीच माणसे. २०१७ साली राज्य सरकारने या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केले, आणि अनेक ठिकाणी वर्ग चालवायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. पूर्णवेळ शिक्षकाची मागणी रास्त होती. पण नवा माणूस येण्याआधी जुना काढणे हे सरकारी कामकाजातच शक्य.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि मोठ्या दुकानांतला नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीसच आहे, त्यामुळे काही दिवस पूर्ण मोकळे मिळू शकतील, असे म्हणायला जागा आहे. पण रात्रशाळा आठवड्याला एकदा भरत नाही. सकाळी आठला कामावर लागलेला मुलगा बारा तासांनी, रात्री आठला सुटेल. वर्ग साडेसहाच्या सुमारास भरलेला असेल.