मेंढ्यांची हिवाळी वीण

दख्खनच्या पठारावर लहान कळपातील मेंढ्यांचा विण्याचा काळ हिवाळा सरताना येतो. गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा असल्याने सप्टेंबरात फळलेल्या मेंढ्या फेब्रुवारीत वितात. त्या वेळी पावसाळी गवत सरलेले असते, आणि नेमकी गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. गर्भाशयाच्या दाबाने कोठीपोटाला जागा कमी पडते; म्हणून नुसत्या कडब्यावर भागत नाही, थोडे धान्य, पेंड किंवा बाभळीच्या शेंगा द्याव्या लागतात. जुळी असलेल्या मेंढीची उपासमार झाली तर ती सुस्तावते, बसून राहते आणि दगावूही शकते.

विल्यावर मेंढीला कोकरू चाटू द्यावे. त्याने ते कोरडे होते आणि आईला त्याचा वास ओळखीचा होतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावून पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. कोकराला रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच मिळते. पहाटेच्या गारठ्यात ओले, उपाशी कोकरू झपाट्याने गारठते. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावे: तोंड थंड लागले तर आधी ऊब, मग दूध. घाईत अनेकांना हा क्रम उलटा सुचतो.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. तिची जुळी जगवायची तर दूध पुरते का, हे रोज पाहावे लागते.