आधी उंबरे, मग नकाशा

डॅशबोर्ड बनवायला शिकणारी पोरं हल्ली बरीच भेटतात. पहिल्याच दिवशी रंग आणि गोल तक्ते! त्यांना मी १८५४ चं लंडन सांगतो.

सोहो भागात पटकी पसरली. डॉ. जॉन स्नो यांनी सरकारी नोंदींतून तीन दिवसांतल्या ८३ मृत्यूंची यादी काढली. बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाजवळची. दहा मयत मात्र दुसऱ्याच हापशांच्या जवळ. आपल्याकडं एवढे आकडे 'किरकोळ' म्हणून सोडून दिले असते. स्नो दारोदार गेले. दहापैकी पाच घरांत कळलं, पाणी ब्रॉड स्ट्रीटचंच आणायचे. ते चवीला बरं लागायचं म्हणे. उलट शेजारच्या गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं, दगावली फक्त पाच. आवारात स्वतःची विहीर होती.

८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही स्नोंनी लपवलं नाही. आणि तो गाजलेला नकाशा? तो नंतरचा.

आपल्या गावात गॅस्ट्रो पसरला की वॉर्डनिहाय तक्ता लगेच व्हॉट्सॲपवर फिरतो. कुठल्या घरात कुठल्या बोअरचं पाणी जातं, हा रकाना त्यात असतो का? पुढच्या वेळी तेवढं विचारा.