संमिश्र सँडविच रचनेतील आघातहानी

संमिश्र सँडविच रचनेतील आघातहानी म्हणजे दोन पातळ, ताठर पृष्ठस्तर आणि त्यांमधील हलका गाभा यांनी बनलेल्या फलकाला बाहेरील वस्तूचा धक्का बसल्याने होणारी हानी होय. अशा हानीनंतर फलक जेवढा भार पेलू शकतो, त्यास अवशिष्ट सामर्थ्य म्हणतात. विमाने, नौका आणि पवनचक्कीची पाती यांच्या अभिकल्पात या संकल्पनेला महत्त्व आहे.

रचना

पृष्ठस्तर सामान्यतः कार्बन किंवा काचतंतू व रेझिन यांचे असतात. गाभ्यासाठी मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना (हनीकॉम्ब), फोम किंवा बाल्सा लाकूड वापरतात. फलक वाकताना एक पृष्ठस्तर ताण व दुसरा दाब सहन करतो. गाभा कर्तनबल पेलतो आणि दोन्ही स्तरांतील अंतर कायम राखतो. या अंतरामुळेच कमी वजनात मोठा ताठरपणा मिळतो.

हानीचे स्वरूप

हातातून निसटलेले अवजार, धावपट्टीवरील खडे, गारा किंवा सामानवाहू गाडीची धडक ही आघाताची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे पुढील प्रकारची हानी संभवते :

* रेझिनला तडे जाणे व तंतू तुटणे
* पृष्ठस्तरातील थर एकमेकांपासून सुटणे
* गाभा चिरडला जाणे
* पृष्ठस्तर व गाभा यांमधील जोड सुटणे

टोकदार वस्तूमुळे पृष्ठस्तराला भोक पडते व ते सहज दिसते. बोथट वस्तूच्या आघातानंतर मात्र पृष्ठस्तर बराचसा पूर्ववत होतो. वर केवळ उथळ खळगा राहतो, पण आतील गाभा विस्तृत भागात चिरडलेला असू शकतो. म्हणून खळग्याच्या खोलीवरून हानीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

अवशिष्ट सामर्थ्य

आघातहानीचा सर्वाधिक परिणाम दाब सहन करण्याच्या क्षमतेवर होतो. चिरडलेल्या गाभ्याचा आधार नाहीसा झाल्याने पृष्ठस्तर त्या जागी सहज वाकतो. भार वाढत गेल्यास खळगा खोल होतो, भाराच्या दिशेला काटकोनात पसरतो आणि अखेरीस फलक एकाएकी निकामी होतो. जोड सुटलेला असल्यास पृष्ठस्तर बाहेरच्या बाजूस फुगतो. तड्यांतून शिरलेले पाणी अतिउंचीवर गोठून हानी आणखी वाढवू शकते.

विमानाच्या अभिकल्पात, नियमित तपासणीत न आढळू शकणारी हानी असतानाही रचनेने अंतिम भार, म्हणजे सामान्यतः मर्यादा भाराच्या १.५ पट भार, पेलणे अपेक्षित असते. दिसू शकणाऱ्या हानीसाठी ती सापडून दुरुस्त होईपर्यंत याहून कमी भार ग्राह्य धरतात.

परीक्षण

प्रयोगशाळेत ठरावीक ऊर्जेचे वजन फलकावर पाडून त्यानंतर त्याची दाबचाचणी घेतात. प्रत्यक्ष वापरातील भागांसाठी हलक्या हातोडीने ठोकून आवाजातील फरक ऐकणे, श्राव्यातीत लहरी व उष्णताचित्रण या पद्धती आहेत.

उदाहरण

६ मार्च २००५ रोजी क्युबातील व्हारादेरोहून कॅनडातील क्वेबेककडे निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए३१० विमानाचे सुकाणू उड्डाणादरम्यान तुटून पडले. विमान व्हारादेरोला सुखरूप परतले. हे सुकाणू संमिश्र सँडविच फलकांचे होते. जोड सुटणे किंवा गाभ्यातील भंग यांपासून हानी वाढत गेली असावी, असे कॅनडाच्या तपास मंडळाने म्हटले. त्या हानीचे मूळ आघातात होते असे सिद्ध झाले नाही. मात्र अंतर्गत हानी तपासणीत निसटू शकते, हे या घटनेने अधोरेखित केले.