खोडलेली ओळ

अकोल्याला टिळक रोडच्या बाजूला माझ्या एका स्नेह्याचं किराणा दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे तासभर बसलं की शहरातल्या संसारांची नाडी हाताला लागते. निम्मी गिऱ्हाइकं अजूनही चिठ्ठी पाठवतात, उरलेली चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर धाडतात. चिठ्ठी बहुतेक वेळा बाईच्या अक्षरात असते आणि खोडाखोड दुसऱ्या पेनाची. फल्लीदाणे दोन किलोंचे एक झालेले, जवस पूर्ण खोडलेलं, खजूर खोडलेला. खाली वेगळ्याच अक्षरात भर टाकलेली असते: ओट्स, बदाम पाव किलो, ऑलिव्ह तेल ‘असल्यास’. गल्ल्यावर बसलेला माणूस बायकोने लिहिलेलं आणि नवऱ्याने खोडलेलं असं दोन्ही वाचतो आणि नवऱ्याने खोडलेल्याप्रमाणे माल बांधतो.

या खोडाखोडीवरून घराघरांत वाद होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते का होतात, याचं उत्तरही ठरलेलं आहे. अमरावतीच्या राजापेठेत विचारा किंवा अकोल्याच्या जठारपेठेत, लोक म्हणतात की महागाई आहे, त्यात डाएटचं खूळ शिरलं आहे आणि घरात हिशेबाची शिस्त राहिली नाही. मग उपायही सांगतात: डायरी ठेवा, बजेट आखा, आजीच्या ज्वारीच्या भाकरीकडे वळा, पैसाही वाचेल आणि तब्येतही सुधारेल. हा पूर्वपक्ष इतका सर्वमान्य आहे की त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. मला घालायचा आहे. माझ्या मते बहुतेक घरांत हे भांडण दोन प्रश्नांचं असतं: कोणी काय सोडायचं, आणि सोडलेल्याच्या जागी जे येईल ते रांधायचं कोणी. पैसा हे त्याचं पांघरूण आहे.

पैशाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच सर्वांत वजनदार दिसतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, आणि तीही डाळमिलांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकोल्यात. पुढच्या हंगामात तूर इतकी पिकली की शेतकरी सरकारी खरेदी केंद्रांपुढे रांगा लावून बसले. एकाच घराने एका वर्षी डाळ महाग म्हणून कपाळाला हात लावावा आणि दुसऱ्या वर्षी तूर स्वस्त म्हणून, हा वऱ्हाडातला अनुभव आहे. तेव्हा महागाई खोटी नाही. पण महागाई फार तर एवढंच ठरवते की घरात डाळ कमी येईल. कमी आलेली डाळ कोणाच्या वाटीत पातळ व्हायची, ते घर ठरवतं.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवलं की घर जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. त्या मापाने पाहिलं तर आपली घरं पोटाच्या ओझ्यातून हळूहळू सुटत आहेत. देशातल्या ग्रामीण घराच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत तो ४६.३८ टक्के निघाला आणि शहरांत ३९.१७ टक्के. नुसत्या धान्याचा वाटा गावांतही पाच टक्क्यांच्या खाली आला. पेयं, फराळ आणि पाकीटबंद खाणं यांचा वाटा मात्र साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला. भांडण निव्वळ तंगीचं असतं तर एवढ्या काळात ते थोडं तरी निवायला हवं होतं. दुकानदार म्हणतो, चिठ्ठीवरची खोडाखोड वाढली. मला यात विसंगती दिसत नाही. ज्वारी, तूर, तेल, मीठ, तिखट, गूळ एवढ्यावर महिना निघत होता तेव्हा खोडायला ओळच नव्हती. निवड आली आणि तिच्यासोबत वाद आला. (जिथे मजुरीचा पैसा परस्पर दारूच्या गुत्त्यावर जातो त्या घरांची गोष्ट निराळी. तिथे जे होतं त्याला किराण्याचं भांडण म्हणणं हीच लबाडी आहे.)

बजेट आखा म्हणणाऱ्यांच्या मनात घर म्हणजे एक खिसा आणि एकच तोंड असतं. अर्थशास्त्रातही ही कल्पना बराच काळ नांदली. शिकागोच्या गॅरी बेकर यांनी कुटुंबावरच्या १९८१ च्या ग्रंथात एक परोपकारी कर्ता उभा केला, जो सर्वांचं भलं पाहून पैसा वाटतो. ते वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण येते: कनवटीला कोठीची चाबी आणि चेहऱ्यावर परोपकार. या कल्पनेला धक्का देणारा दाखला ब्रिटनमधला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मुलांसाठीची करसवलत बापाच्या पगारातून काढून त्याऐवजी रोख भत्ता आईच्या हाती देऊ लागले. लुंडबर्ग, पोलाक आणि वेल्स या तिघा अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखवलं की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. पैसा कोणाच्या हातून घरात येतो त्यावर घर काय विकत घेतं ते बदललं. घर एकच खिसा असतं तर हे घडलं नसतं.

आपल्या कायद्यालाही हे उमजलेलं आहे. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा रेशनकार्डासाठी घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत ज्येष्ठ बाईला कुटुंबप्रमुख मानतो. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार थेट बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. त्या योजनेच्या राजकारणावर बोलायला मला इथे जागा नाही. पण माझा स्नेही सांगतो की खोडलेली ओळ आता कधीकधी चार दिवसांनी परत येते: चिठ्ठीशिवाय, रोखीने, आणि पुडी पिशवीच्या तळाशी.

आता पथ्याकडे येतो. डॉ. श्रीकांत जिचकार हे नागपूरकडचे. त्यांचा दोनच वेळा जेवण्याचा विचार लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी नेला. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगत होत्या. शैव-वैष्णवांसारखे दोन पंथ पडले आणि कित्येक घरांत नवरा एका पंथाचा, बायको दुसऱ्याची. कोणाचं शास्त्र खरं, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं की दोनदा जेवणाऱ्याचा किराणा निम्मा होत नाही. काकडी, गाजर, मोडाची मटकी, सुकामेवा यांची भर पडते. मोड यायला हवे असतील तर मटकी आदल्या दिवशीच कोणीतरी भिजवावी लागते, फडक्यात बांधावी लागते. हा कोणीतरी कोण? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. दोघांमधली ही दोनशे मिनिटं कोणत्याही बिलावर छापून येत नाहीत; म्हणून डायरी ठेवून भांडण मिटत नाही. डायरीत बदामाचा भाव येतो, भिजवणं येत नाही.

शिवाय खाण्यावरची बंधनं काही काल-परवा जन्मली नाहीत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. त्याहून जुनं आणि कोणत्याच पंचांगात नसलेलं बंधन म्हणजे सर्वांची पानं उठल्यावर गंजाला लागलेल्या भाजीशी उरलेली भाकर. अमरावतीला एका घरी माझ्यासमोरच नवऱ्याने बिल पाहून विचारलं, “एवढा किराना खाते तं कोन?” आतून उत्तर आलं, “मी तं उरलंसुरलंच खातो.” तिचं बंधन पैसे वाचवतं म्हणून त्याला संस्कार म्हणायचं, आणि त्याचं बंधन पैसे खर्च करतं म्हणून त्याला आरोग्य म्हणायचं, अशी ही वाटणी आहे. उद्या तीच डाएटवर गेली तर त्याच खर्चाचं नाव चोचले होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्क्यांवर गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य आहे, अंडी-मांस त्यातच धरून. शाकाहारी चौघांच्या घरात हे महिन्याला दहा किलोंवर जातं. आपल्या चिठ्ठीत किती आहे ते पाहावं, आणि मग काय खोडलं तेही पाहावं.

काही लोक इथे गाडगेबाबांना साक्षीला बोलावतात. बाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले. भांडी मोडा, हातावर भाकर घ्या, पण पोरं शिकवा, असं ते सांगत. तेव्हा तोंडाला आवर घालणं हीच वऱ्हाडची शिकवण, असा युक्तिवाद होतो. पण बाबांची काटकसर अख्ख्या घराने मिळून करायची होती आणि ती मुलाच्या शाळेसाठी होती. एकाच्या बदामासाठी दुसऱ्याचं जवस खोडायला त्यांनी सांगितलेलं नाही. (बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, असंही ते म्हणत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. काटकसरीची सुरुवात कुठून होते ते बाबांच्या श्रोत्यांनाही ठाऊक असणार.)

सगळ्यांत गोड गैरसमज ज्वारीचा आहे. गजानन महाराजांच्या प्रसादाला शेगावी पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी असते; ते जेवण मलाही प्रिय आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘पूर्वीसारखं खा म्हणजे स्वस्तात होईल’ या वाक्याशी. पूर्वी ज्वारी वावरातून घरात यायची. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं आणि खरिपात हायब्रीड भरघोस पिकू लागली. पण ऐन दाणा भरताना पाऊस आला की कणसं काळी पडायची आणि भाव मातीत जायचा. पाखरं आणि रानडुकरं वेगळीच. मग सोयाबीन आलं, तीन-साडेतीन महिन्यांत रोख हातात देणारं, आणि ज्वारीचं वावर त्याच्या पोटात गेलं. रेशनवर गहू मिळू लागला. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या संशोधकांनी ज्वारीवर आयुष्य घातलं. तरी त्याच अकोल्यातला माणूस आज सोलापूरकडची मालदांडी पाकिटातून विकत आणतो. घरच्या धान्याची दुकानातली वस्तू झाली, ती २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर ‘आरोग्यदायी’ या शिक्क्यासह. यात स्वस्ताई कुठे आहे?

आणि समजा ज्वारी फुकट मिळाली, तरी भाकर फुकट होत नाही. पोळ्या सकाळी करून डब्यात भरता येतात. भाकर गरम लागते, जेवायला बसल्यावर एकेक थापावी लागते. पीठ जुनं असेल तर ती तुटते. संध्याकाळी सहाला बँकेतून किंवा शाळेतून घरी आलेल्या बाईला ‘आजपासून आपण भाकर खायची’ असं सांगणारा नवरा पाककृती बदलत नाही, तिची संध्याकाळ बदलतो. पोळी वऱ्हाडात टिकली ती चवीमुळे कमी आणि डब्यात राहते म्हणून जास्त. आजीचं जेवण परत आणायचं तर आधी ठरवावं लागेल की आजी कोण होणार.

मग पथ्य कोणी पाळूच नये का? तसं मी म्हणत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पसरलेला आहे. तिथलं भूजल खारं, मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी. त्या गावांत पिण्याच्या पाण्याची कॅन किराण्याच्या खर्चातच धरतात. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेल्या माणसाचं पथ्य म्हणजे हौस नव्हे, आणि अशा घरात सगळ्यांनीच अळणी खायला शिकणं हे दोन स्वयंपाकांपेक्षा शहाणपणाचं आहे. पण स्वतः निवडलेल्या बंधनाला दुसरा नियम लागतो, आणि तो शोधायला शिकागोपर्यंत जायचं कारण नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ. तिथल्या परंपरेतला भिक्षू जिभेला कडक आवर घालतो. पण घरोघरी जे पडेल ते घेतो, हे नको, ते वेगळं करून द्या, असं कोणत्याही दारात म्हणत नाही. त्याचं व्रत कोणाच्या चुलीवर दुसरं पातेलं चढवत नाही. गृहस्थाचं डाएट नेमकं इथे फसतं. व्रत त्याचं असतं आणि पातेलं तिचं.

तेव्हा माझा निवाडा असा: ज्याने बंधन निवडलं त्याने त्याचा पर्याय स्वतः भिजवावा, चिरावा, रांधावा, आणि त्याचा खर्च आपल्या चैनीतून काढावा, दुसऱ्याच्या वाटीतून नाही. हा नियम नवऱ्याला लागू आहे तसाच बायकोलाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी भात सोडला, तेव्हा तो असा पाळला नव्हता, हेही लिहून ठेवतो. भाताऐवजीची भगर चार महिने घरात कोणी शिजवली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुकानदार स्नेह्याला मी एकदा म्हटलं, खोडलेली वस्तू दिसली की फोन करून विचारत जा, वहिनी, हे खरंच नको का? तो हसला. म्हणाला, “विचारलं तं गिऱ्हाईक तुटते भाऊ.” त्याचं बरोबर आहे, ते विचारणं त्याच्या गल्ल्यावर शक्य नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. या महिन्याची चिठ्ठी घराबाहेर पडण्याआधी जेवणाच्या टेबलावर उलगडा आणि खोडलेली प्रत्येक ओळ कोणाच्या खाण्याची होती, ते मोठ्याने वाचून दाखवा.