'बिडी ओढली की डोकं शांत होतं' : चारशे वर्षं जुनी एक समजूत

आमच्या शिरूर अनंतपाळ भागातले एक काका बरीच वर्षं माझ्याकडे येतात. वय पासष्टच्या पुढे, शेती करतात, सीओपीडीचे रुग्ण आहेत. दहा पावलं चालले की धाप लागते. इन्हेलर वेळेवर घेतात, पथ्य पाळतात. बिडीचा विषय काढला की मात्र हात जोडतात. "सायब, समदं सोडतो, पर बिडी सोडा म्हणू नका. तिच्याबिगर डोकं थाऱ्यावर राहत न्हाई."

हे वाक्य तुम्हीही घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल, कदाचित स्वतःही बोलला असाल. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण बिडी ओढल्यावर काकांना बरं वाटतं हे खरंच आहे. पण ते 'बरं' नेमकं काय असतं आणि ही समजूत आली कुठून, हे समजण्यासाठी थोडा इतिहास बघू.

औषध म्हणून आलेला धूर

तंबाखू आपल्या मातीतली नाही. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिथून दख्खनमध्ये पसरली. अकबराचा सरदार असद बेग 1604-05 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परत गेला, तेव्हा त्याने तंबाखू आणि एक सुंदर नळी बादशहासाठी भेट म्हणून नेली. त्याने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. दरबारात तंबाखूची ओळख औषध म्हणूनच करून देण्यात आली.

एका हकिमाने मात्र विरोध केला. ज्या वस्तूची आपल्या जाणत्यांनी पारख केलेली नाही ती बादशहाने का घ्यावी, असा त्याचा मुद्दा होता. अकबराने तरीही दोन-चार झुरके घेतले. त्याने पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांमध्ये धूर पसरला. 1617 मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, तीही टिकली नाही. त्या हकिमाचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध व्हायला पुढे साडेतीनशे वर्षं लागली.

हुक्क्यापासून बिडीपर्यंत

हुक्का श्रीमंतांचा आणि चिलीम गोरगरिबांची, अशी विभागणी बराच काळ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेंदूपानात गुंडाळलेल्या बिडीचा धंदा वाढला. स्वदेशीच्या काळात परदेशी सिगारेट टाकून बिडी ओढणं हे देशप्रेमाचंही लक्षण ठरलं. गोंदिया-भंडारा, सिन्नर आणि सोलापूरकडे हजारो हात बिड्या वळू लागले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथल्या जरा बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या खिशात हैदराबादची चारमिनार दिसायची, तर शेतकऱ्याच्या कोपरीत बिडीचं बंडल.

बिडी लहान म्हणून कमी घातक, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. तेंदूचं पान नीट जळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून जोरात आणि वरचेवर झुरके घ्यावे लागतात. धूर खोलवर जातो.

पुरावा हाती आला

1950 मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. 1955 मध्ये आपल्या मुंबईतल्या संघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तोंड-घशाचा कर्करोग आणि बिडी-तंबाखू यांचा संबंध मांडला. 1977 मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधल्या पुरुषांची आठ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातली एक गोष्ट सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावी अशी आहे. धूम्रपान सोडल्यावर गेलेली ताकद सहसा परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते आणि जवळजवळ न ओढणाऱ्या माणसाइतकी होते. म्हणजे साठीत सोडलं तरी उपयोग होतो.

भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं असं दिसलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरपासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी लागू झाली.

मन मात्र मागे राहिलं

शरीराबद्दल एवढं कळलं, तरी मनाबद्दलची समजूत हलली नाही. पाश्चात्य मनोरुग्णालयांत नीट वागणाऱ्या रुग्णाला बक्षीस म्हणून सिगारेट दिली जात असे. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत धूम्रपानबंदी आली, तेव्हा मनोरुग्ण विभागांना सूट मिळाली. 'बिचाऱ्यांचा तेवढाच आधार आहे' हा त्यामागचा विचार. या समजुतीला बळ देणाऱ्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झालं.

अमेरिकेला कशाला नावं ठेवायची? मीही हीच सूट देत होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांचं घर, माणसं, झोप, सगळं गेलं. माझ्या जुन्या रुग्णांना 'बिडी कधी वाढली?' असं विचारलं की काही जण आजही 'भूकंपाच्या साली' असं उत्तर देतात. अशा माणसाला बिडी सोडायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटायचं. वरच्या काकांची पत्नी गेली, तेव्हाही मी म्हणालो होतो, "असू द्या, सध्या एवढ्यात नको." त्यांची झोप उडाली होती, जेवण कमी झालं होतं, पारावर जाणं बंद झालं होतं. मी छाती तपासली आणि इन्हेलर बदलून दिला. मनाबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्याच वर्षी त्यांना दोनदा ऑक्सिजन लावावा लागला. ती चूक माझी होती.

ते 'बरं वाटणं' काय असतं?

धूर ओढल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि तरतरी येते. दोनेक तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता, घाबरल्यासारखं होणं सुरू होतं. पुढची बिडी हा त्रास थांबवते. म्हणजे आधीच्या बिडीने लावलेली आग पुढची बिडी विझवते आणि आपण तिचे आभार मानतो.

सीओपीडीत यात आणखी एक फास असतो. धाप लागली की जीव घाबरतो आणि घाबरलं की श्वास उथळ, जलद होऊन धाप वाढते. माणूस घराबाहेर पडेनासा होतो, एकटा पडतो, खचतो. सीओपीडीच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात डिप्रेशन आढळतं. खचलेला माणूस इन्हेलर टाळतो आणि बिडी जवळ करतो.

2014 मध्ये 26 अभ्यास एकत्र तपासले गेले. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण वाढला नव्हता, उलट कमी झाला होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तेच दिसलं. बिडी सोडायला मदत करणाऱ्या गोळ्यांनी डोकं बिघडतं अशी भीती होती. आठ हजारांवर लोकांवर केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या भीतीला आधार मिळाला नाही. त्यातल्या निम्म्या लोकांना मानसिक आजार होता.

तुम्ही काय कराल?

• डॉक्टरांना फक्त खोकला सांगू नका. झोप, भूक, रडू येणं, जगण्याचा कंटाळा, हेही सांगा. डिप्रेशनवर उपचार आहेत.

• पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो, तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. निकोटिनचा च्युइंगम, पॅच किंवा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. बिडी सोडून तंबाखू-चुना किंवा मिश्री धरू नका.

• थिओफायलीन किंवा काही मानसिक आजारांच्या गोळ्या चालू असतील, तर बिडी सोडण्याआधी डॉक्टरांना कळवा. धूर बंद झाला की या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे डोस कमी करावा लागू शकतो.

• मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. फुप्फुस कमजोर असताना त्या श्वास मंदावू शकतात.

• घरी ऑक्सिजन असेल तर त्याच्या जवळपास बिडी-काडी नको. आग लागते.

• तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, लगेच बोला.

काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "काकू गेल्यापासून कसं चाललंय?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग रडले. उदासीवरचं औषध सुरू केलं, सुनेला सोबत बसवलं आणि महिन्याभराने बिडी सोडायची तारीख ठरवली. मध्ये एकदा एका लग्नात घसरले, पुन्हा सावरले. आता पाच महिने झाले. धाप आहेच, गेलेलं फुप्फुस परत आलेलं नाही. पण संध्याकाळी मधे दोनदा थांबत का होईना, ते पारापर्यंत जातात.

मागच्या खेपेला मी विचारलं, "डोकं थाऱ्यावर आहे ना?"

"हाय की सायब," ते म्हणाले. "बिडीवर हाय असं उगंच वाटत हुतं."