रवादिव्य ते मेंदूचा आलेख

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर घरांना दारे नसलेले गाव म्हणून प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये तेथे उघडलेली युको बँकेची शाखाही ‘बिनकुलपाची’ म्हणून देशभर गाजली. चोर कोण, हे शनिदेवाला ठाऊक असते. त्याला साक्षीदार लागत नाही, ही त्यामागची श्रद्धा.

आरोपीच्या जबानीवाचून सत्य कळावे, ही इच्छा न्यायव्यवस्थेलाही नेहमीच होती. मराठेशाहीत कागद आणि साक्षी यांनी वाद मिटला नाही, की दिव्याचा मार्ग उरे. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात बांधून त्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी मोहर फोडून हात पाहत. जखम दिसली तर मनुष्य खोटा.

२००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात जे घडले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. प्रसादातून आर्सेनिक देऊन पूर्वीच्या वाग्दत्त वराचा खून केल्याच्या आरोपावरून एका तरुण विद्यार्थिनीला जन्मठेप झाली. पुरावा परिस्थितिजन्य होता. त्याच्या जोडीला मुंबईत झालेली एक मेंदूचाचणी होती. तिचे नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर, थोडक्यात ‘बीईओएस’. डोक्यावर विद्युतग्र लावलेली व्यक्ती डोळे मिटून स्वस्थ बसते आणि तिला वाक्ये ऐकवतात. काही निरुपद्रवी, ‘आकाश निळे आहे’ अशी. काही गुन्ह्याची, ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशी. उत्तर द्यायचेच नसते. ती गोष्ट व्यक्तीने केवळ ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे, हे मेंदूच्या विद्युतलहरींवरून ओळखता येते, असा या तंत्राचा दावा.

तंत्राचे जनक चंपादी रामन मुकुंदन. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत ते चिकित्सा-मानसशास्त्राचे विभागप्रमुख होते. माहीत असणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा त्यांच्या तंत्राचा पाया. आणि तो पोकळ नव्हे. १९५३ मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला गेला. न्यूरोसायकॉलॉजिस्ट ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा रेखाटायला दिला. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नसे. स्मृती एकसंध नाही, हे त्यातून दिसले.

गफलत पुढच्या पायरीवर झाली. १९३२ मध्येच फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवले होते, की मनुष्य आठवण जशीच्या तशी काढत नाही, दर वेळी नव्याने रचतो. ऐकलेले, कल्पिलेले, पोलिसांनी वारंवार विचारलेले, सारे त्या रचनेत मिसळते. महिनोन्‌महिने एकाच आरोपाला तोंड देणाऱ्या व्यक्तीच्या मेंदूत ‘आर्सेनिक’ हा शब्द ऐकून काहीच हालचाल झाली नसती, तर तेच नवल! दिव्यात निदान हात भाजतो की नाही, हे सर्वांना दिसत असे. येथे आलेखाचा अर्थ लावणारे यंत्र आणि त्याचा तज्ज्ञ, दोघांवरही विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच वर्षी निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा मेंदूचाचण्या अशास्त्रीय ठरवल्या. म्हणजे पहिला ठाम नकार मुकुंदन यांच्या जुन्या घरातूनच आला. पुण्याच्या खटल्यातील त्या तरुणीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी संमतीविना करण्यास मनाई केली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, आणि न बोलता मेंदूतून काढलेली माहितीही साक्षच, असे न्यायालयाने मानले. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही. मात्र तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती ग्राह्य धरता येते. त्या फटीतून या चाचण्या तपासात आजही वापरल्या जातात.