खडकीचे पाणी

एखाद्या गावी बदली झाली, किंवा तिकडचे एखादे स्थळ सांगून आले, म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच की, गाव राहायला कसे आहे? मग कोणी घरभाड्याची चौकशी करतो, कोणी शाळा-कॉलेजांची, कोणी स्टेशन किती लांब आहे याची. घरातील आजीबाई मात्र एवढेच विचारतात, "पाणी कसे आहे गं तिथले?" छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे परवापरवापर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत आलो त्या शहराच्या बाबतीत तरी, हा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा आहे. फार मोठे नाही आणि फार लहानही नाही असे हे दक्षिणेतले शहर. त्याच्या सुखदुःखांचा चारशे वर्षांचा जमाखर्च मांडायला बसले, तर प्रत्येक पानावर पाण्याचीच नोंद सापडते.

या गावाचे मूळ नाव खडकी. नावातच जमिनीचा गुण सांगितलेला आहे. आजूबाजूला उघडेबोडके डोंगर, खाली काळा पाषाण आणि मधून वाहणारी खाम नदी, तीही पावसाळा सरला की क्षीण होणारी. अशा जागी १६१० साली मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी आणली. हा पुरुष मूळचा हबसाणातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत फिरत दक्षिणेत आलेला, आणि अखेर अंगच्या कर्तबगारीने मोडकळीस आलेल्या निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला. जमीनमहसुलाची त्याने बसविलेली घडी आणि मोगलांना जेरीस आणणारा त्याचा गनिमी कावा यांविषयी आपण शाळेत वाचतो. पण त्याची नहर ही या दोहोंच्या तोडीची कामगिरी होती, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

दौलताबादचा बळकट किल्ला हाताशी असताना हा मनुष्य खडकीच्या माळावर का आला, असा प्रश्न पडतो. वाढत्या राजधानीला मोकळी जागा हवी होती, हे त्याचे एक उत्तर. परंतु मोकळ्या जागेवर माणसे राहतात ती पाण्याच्या भरवशावर. तो भरवसा देण्यासाठी अंबराने नहर बांधली. शहराच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत जमिनीखालून पाझरणारे पाणी त्याने हेरले आणि भूमिगत मार्गाने ते शहरात आणले. या बांधकामाची युक्ती समजायला सोपी, पण साधायला महाकठीण. डोंगराकडून गावाकडे जमिनीला जो उतार आहे, त्या उतारानेच पाणी आपणहून वाहत यावे; मोट नको, बैल नकोत, रहाट नको. वाटेत ठिकठिकाणी माणूस आत उतरून गाळ काढू शकेल अशी तोंडे ठेवलेली. जेथे पाणी वर चढवायचे तेथे चुन्या-विटांचे उंच बंबे. त्यांतून खापराच्या नळांनी ते मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत सोडलेले. जमिनीखालून येत असल्यामुळे ते उन्हाने आटत नसे आणि शत्रूच्या नजरेसही सहजी पडत नसे. पुढे याच धर्तीवर आणखी कित्येक नहरी झाल्या. परंतु मूळ कित्ता अंबराचा.

या नव्या शहराच्या नशिबी स्वस्थता मात्र नव्हती. राजधानीत राहणाऱ्याला वैभव मिळते खरे, पण राजाचे शत्रूही त्याला आयतेच मिळतात. १६१६ मध्ये मोगल फौजांनी खडकी लुटली आणि जाळली. १६२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. घरे जळाली, पण पाणी जमिनीखाली होते. म्हणून राख निवाल्यावर माणसे परत आली. १६२६ साली मलिक अंबर वारला. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर हे नाव दिले. थोड्याच वर्षांत निजामशाही बुडाली. आणि औरंगजेब शाहजादा असताना दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला, तेव्हा १६५३ च्या सुमारास त्याने शहराला आपले नाव दिले.

मग शहर फुगू लागले. बादशाही चाकरीतले रजपूत सरदार आपापला लवाजमा घेऊन आले आणि तटाबाहेर त्यांनी आपापले पुरे वसविले. बिकानेरचा कर्णसिंह आला, त्याचा कर्णपुरा झाला. त्याचा मुलगा पदमसिंह, त्याचा पदमपुरा. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, पहाडसिंगाचा पहाडसिंगपुरा. आज त्या कर्णपुऱ्यात नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते आणि खेळण्यांच्या दुकानांपुढे मुले हट्ट धरून बसतात, तेव्हा हे नाव वाळवंटातून आलेल्या एका राजाचे आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. परक्या माणसाला दोन पिढ्यांत आपले करून टाकायचे, हा या गावचा जुना गुण होय.

१६५७ साली औरंगजेबाची पत्नी दिलरासबानू वारली. तिच्या कबरीवर मकबरा उभा राहिला. ताजमहालाशी त्याची तुलना करून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ताजाला सगळा संगमरवर लाभला; येथे संगमरवर थोडक्यात आटोपून बाकीचे काम चुन्याच्या सफाईदार गिलाव्यावर भागविलेले आहे. मला तर त्यात या शहराचाच स्वभाव दिसतो. ऐपत बेताची, हौस मोठी, आणि असेल त्यात शोभा आणण्याची हातोटी. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखापाचा थाट आणणारे येथले हिमरू वस्त्र त्याच स्वभावाचे.

मराठ्यांच्या इतिहासाशीही या शहराचे धागे जुने आहेत. १६६६ साली आग्ऱ्याला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला होता. पुढल्याच वर्षी, पुरंदरच्या तहान्वये मिळालेल्या मनसबीच्या निमित्ताने, दहा वर्षांचे संभाजीराजे येथे शाहजादा मुअज्जमच्या भेटीस आले. ज्या मराठ्यांचा असा पाहुणचार झाला, त्यांच्याच धास्तीने १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट बांधविला. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, जालना दरवाजा, मक्का दरवाजा ही नावे नुसती उच्चारली तरी शहर कोणकोणत्या वाटांवर बसले आहे हे उमगते. भडकल दरवाजा मात्र त्या तटाहून जुना, मलिक अंबराच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये उभा राहिलेला.

या भरभराटीच्या काळातली माझ्या मते सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, डोंगरातून नहरीने आलेले पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोराने जाते फिरविण्याची ही योजना. त्या जात्यावर फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दळण होई. समोर मोठा हौद, आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या विस्तीर्ण दालनाचे छत. म्हणून वैशाखातही तेथे गारवा. पाणी एकच, तेच पिऊन तहान भागवायची, त्यानेच दळायचे, त्यानेच घर थंड ठेवायचे आणि त्याच्याच काठी बसून मन निववायचे! आणि पाण्याबरोबर गावाला वाणीही लाभली. उर्दू गझलेचा आद्य कवी मानला जातो तो वली, आणि त्याच्या मागून आलेला सिराज, हे दोघेही येथलेच. दिल्लीच्या कवींनी फारसी सोडून आपल्या बोलीत लिहावे हा धडा अठराव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतून गेला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

पण राजाच्या मर्जीने वाढलेले गाव मर्जी फिरताच ओस पडते. निजामाने आपले तख्त हैदराबादेस हलविले. १७६३ हे त्याचे साल धरतात. दरबार गेला, दरबारामागोमाग सरदार गेले, कारागीर गेले. हवेल्यांना कुलपे लागली आणि पुऱ्यांतून गवत माजले. १९०१ च्या खानेसुमारीत छावणी धरूनही या शहराची वस्ती जेमतेम छत्तीस-सदतीस हजार भरली. एके काळी दक्षिणेचा सुभा जेथून चालला, त्या गावाची ही अवस्था!

तरीही त्या पडत्या काळात राहणाऱ्यांना गाव गोडच वाटत असले पाहिजे. एका दरवाजातून निघून दुसऱ्या दरवाजातून पायी बाहेर पडता यावे एवढाच त्याचा पसारा. माणसे थोडी आणि नहरी मोठ्या वस्तीसाठी बांधलेल्या. त्यामुळे पाण्याला तोटा नाही. मराठी, दखनी, मारवाडी अशा तीन-चार भाषा गल्लीतल्या पोरालाही येत. वेरूळ सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतके जवळ. उणीव होती ती पुढे जाण्याच्या वाटेची. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. तिची मोठी सेवा या गावात झाली. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम कित्येक वर्षे येथूनच चालविले. परंतु मराठी मुलाला स्वतःच्या भाषेत शिकण्यासाठी सरस्वती भुवनासारख्या खाजगी शाळेचा आसरा घ्यावा लागे. ती शाळा १९१५ ची. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचे. लहान शहराच्या सुखाची किंमत ही अशी मुलांच्या भवितव्यातून फेडावी लागते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि ही कोंडी फुटू लागली. मराठवाड्याचे शैक्षणिक मागासलेपण ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, आणि नागसेनवनाच्या उजाड माळावर ज्यांच्या शेकडो पिढ्यांना अक्षर वर्ज्य होते त्यांची मुले शिकू लागली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी मात्र १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत झगडावे लागले आणि त्या काळात खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांनी घरादारांची आणि प्राणांची किंमत मोजली. शहराच्या जमेच्या बाजूला विद्यापीठ लिहिताना खर्चाच्या बाजूची ही नोंद झाकून ठेवता येणार नाही.

पुढची वाढ सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. चिकलठाण्याला कारखाने आले, मग वाळूजला. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले आणि मराठवाड्यातल्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. १९८२ मध्ये महापालिका झाली. शेतावर भागेना म्हणून बीड-जालन्याकडून माणसे आली आणि पत्र्याच्या खोलीतून सुरुवात करून त्यांनी मुलांना इंजिनिअर केले. २०११ च्या शिरगणतीत वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. मुंबई-पुण्याच्या मानाने घर आवाक्यात, रोजगार हाताशी, दवाखाने आणि कॉलेजे जवळ, आणि सणासुदीला गावी जाऊन परत येता येते. मधल्या आकाराच्या शहराचे हे सारे सुख येथे आहे.

आणि पाणी? अंबराने पाणी डोंगरावरून खाली आणले होते. आपण ते खालून वर चढवितो. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराचे ते पाणी पन्नासएक किलोमीटरांवरून पंपांनी चढावर ओढून आणावे लागते. वीज गेली, नळ फुटला, की सारे शहर कोरडे. जलाशय तुडुंब भरलेला असतानाही नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, असे दिवस या शहराने काढले आहेत. रात्री-अपरात्री पाणी सुटायचे म्हणून घड्याळाचा गजर लावून निजणारी गृहिणी, गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट पाहणारे म्हातारे, पाहुणे येणार म्हटले की आधी टाकी डोकावून पाहणारे यजमान ही येथली ओळखीची चित्रे. २०२० च्या डिसेंबरात सोळाशे ऐंशी कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तो आकडा आणखी फुगला. तिकडे जुन्या नहरींवर इमारती उठल्या, कित्येक ठिकाणी त्या फुटल्या, बुजल्या.

कोणी म्हणेल, अंबराच्या काळची वस्ती किती आणि आजची किती! ही तुलना न्यायाची नव्हे. खरे आहे, नहरीच्या पाण्यावर बारा लाख माणसे जगणार नाहीत. पण अंबरापासून घ्यायचा धडा नहरीच्या मापाचा नसून कामाच्या क्रमाचा आहे. शहर वसवायचे ठरताच त्याने पाण्याला हात घातला, आणि वस्ती वाढेल ती धरून नहर बांधली. आपण आधी आराखडे कापले, प्लॉट विकले, कारखान्यांना आवतण दिले, आणि माणसे येऊन बसल्यावर पाणी शोधायला निघालो. जुन्या शहराची दैना होई ती राजधानी हलल्यामुळे किंवा स्वारी आल्यामुळे. त्यावर रहिवाशाचा इलाज नसे. आजची टंचाई ना बादशहाने लादलेली आहे ना निजामाने. तिचे हिशेब आपल्याच सभागृहांत मांडले जातात, आणि म्हणून ते विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.

२०२३ मध्ये शहराने आणखी एक नाव धारण केले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर असा हा प्रवास झाला. नावे राज्यांबरोबर बदलतात. त्यांवरून भांडणे होतात, मिरवणुकाही निघतात. ज्या शाहजाद्याच्या नावाने गाव साडेतीनशे वर्षे ओळखले गेले आणि ज्या राजपुत्राच्या नावाने ते यापुढे ओळखले जाईल, ते दोघेही येथे आले तेव्हा त्यांना पाणी मिळाले ते एका हबशी गुलामाच्या नहरीचे. तेव्हा तिकडे बदली झालीच, किंवा लेक तिकडे द्यायची ठरलीच, तर खुशाल जा. माणसे मनमिळाऊ आहेत, हवा कोरडी पण निरोगी आहे, आणि पोटाला काम आहे. मात्र घर पाहताना अंगण आणि सज्जा पाहण्याआधी आजीबाईंचा प्रश्न विचारा. आणि तेथले मतदार झालात, म्हणजे मत मागायला येणाऱ्यालाही तोच विचारा.